टायटल वन शाळा म्हणजे नक्की काय? पालकांना समजावायचं कसं?

सुगरण_नसलेली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतल्या एका पब्लिक एलिमेंटरी शाळेत पेरेंट लिएझन, म्हणजे शाळा आणि पालक यांच्यातला दुवा, म्हणून मी नुकतीच लागले आहे. शाळा टायटल वन आहे, म्हणजे गरीब घरांतली मुलं जास्त असल्यामुळे तिला केंद्र सरकारकडून जादा पैसे मिळतात. अशा शाळांना दरवर्षी पालकांची एक बैठक कायद्यानेच घ्यावी लागते. आमची ऑक्टोबरमध्ये आहे आणि त्यातली पंधरा मिनिटं माझ्या गळ्यात पडली आहेत.

डिस्ट्रिक्टकडून (म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाकडून) आलेल्या स्लाइड्स उघडून बघितल्या. पहिल्या स्लाइडवर कायद्याचं लांबलचक नाव, दुसरीवर कलमं, तिसरीवर पोटकलमं. नऊ तास ड्यूटी करून आलेला माणूस दुसऱ्या स्लाइडला पेंगेल आणि तिसरीला उठून जाईल.

आमच्याकडे स्पॅनिश बोलणारी कुटुंबं सर्वांत जास्त, मग गुजराती, तेलुगू आणि थोडी मराठी. देशी पालक मला गेटवर गाठून दोनच प्रश्न विचारतात: "म्हणजे शाळा खराब आहे का?" आणि "लीज संपली की घर बदलावं का?"

तुमची मुलं अशा शाळेत असतील किंवा होती, तर तुम्हाला हे प्रकरण कुणी नीट सांगितलं का? आधी काय कळलं असतं तर बरं झालं असतं? सल्ले द्या, शिव्या द्या, दोन्ही लिहून घेते.


उगाच_आपलं

रुमाल टाकून ठेवतो. चहा घेऊन येतो.


डब्यातली_पोळी

डॅलसजवळ आलो तेव्हा अपार्टमेंट ऑफिसपासून चालत जाता येईल अशी शाळा होती. नवऱ्याच्या टीममधल्या एकाने सांगितलं, "ती टायटल वन आहे बरं का." सूर असा की तिथे भिंतीतून साप निघतात.

पर्याय नव्हता म्हणून लेकीला तिथेच घातलं. पहिलीत ती वाचनात मागे होती, कारण घरी सगळं मराठीत. शाळेने स्वतःहून तिला रीडिंग स्पेशालिस्टच्या छोट्या गटात टाकलं. वर्गाबाहेर, चार-पाच मुलं, रोज अर्धा तास. आम्ही एक डॉलर दिला नाही. पुढे 'चांगल्या' रेटिंगच्या गावात घर घेतलं. धाकट्याला तीच अडचण आली, तेव्हा तिथल्या टीचरनी गोड हसून प्रायव्हेट ट्यूटरचं कार्ड हातात ठेवलं.

तो रीडिंग स्पेशालिस्ट टायटल वनच्या पैशांतून होता, हे मला आत्ता तुमच्या धाग्यामुळे शोधल्यावर कळलं. त्या शाळेने तेव्हा सांगितलं असतं तर निदान थँक यू तरी म्हटलं असतं.


बे_एरियातला_भाडेकरू

पोळीताई, अनुभव चांगला आला, आनंद आहे. पण उगाच गुलाबी चित्र रंगवू नका. आमचा मुलगा अशा शाळेत दोन वर्षं होता. एका वर्षात तीन टीचर बदलल्या. अर्ध्या वर्गाला मूळाक्षरांपासून सुरुवात, याचं सगळं झालेलं, त्यामुळे तो कोपऱ्यात बसून चित्रं काढायचा. टीचर बिचाऱ्या चांगल्या होत्या, पण त्यांना सगळ्यांकडे बघणं शक्यच नव्हतं. आम्ही घर बदललं आणि मला त्याची लाज वाटत नाही.

धागाकर्तीबाई, पालक "खराब आहे का" असं विचारतात तेव्हा त्यांना हेच विचारायचं असतं. त्याचं उत्तर टाळलंत तर बाकीची चौदा मिनिटं कुणी ऐकणार नाही.


पाटी_पेन्सिल

मी ह्यूस्टन भागात टायटल वन शाळेतच शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भाडेकरूंचं म्हणणं खोटं नाही. गरिबी एकवटली की तिच्याबरोबर बरंच काही येतं: घरं बदलणारी मुलं, वर्षाच्या मधेच सोडून जाणारे शिक्षक. पण टायटल वन हा शाळेचा निकाल नाही. शाळेत येणाऱ्या मुलांच्या घरची कमाई किती, एवढंच त्यातून कळतं. काही टायटल वन शाळा अप्रतिम चालतात, काही रडतखडत चालतात. घर शोधायच्या साइटवर जे दहापैकी आकडे दिसतात ते मुख्यतः परीक्षेच्या गुणांवर असतात आणि गुण बऱ्याच अंशी आईबापांच्या उत्पन्नामागून जातात. त्यामुळे तो आकडा बघून शाळा काय शिकवते हे कळत नाही, शेजारी कोण राहतं ते कळतं.

आता कामाचं. शाळेत हे पैसे दोन तऱ्हांनी वापरतात. कमी उत्पन्नाची मुलं साधारण ४० टक्के किंवा जास्त असतील तर शाळा 'स्कूलवाइड' पद्धत घेऊ शकते, म्हणजे अख्ख्या शाळेची सुधारणा करायला पैसे वापरता येतात. (त्याखाली असली तरी राज्याच्या परवानगीने घेता येते.) नाहीतर 'टार्गेटेड', म्हणजे अभ्यासात मागे पडलेली मुलं निवडून फक्त त्यांना मदत.

आणि जे कुणीच सांगत नाही ते हे: पैसे येतात गरिबीच्या मोजणीवर, पण मदत मिळते अभ्यासातल्या गरजेवर. वडील सॉफ्टवेअरमध्ये असले आणि मुलगा गणितात मागे असला तरी त्याला इंटरव्हेन्शनच्या, म्हणजे जादा मदतीच्या, गटात घेतात. पगाराची स्लिप कुणी मागत नाही.


सुगरण_नसलेली

पाटी_पेन्सिल, हे शेवटचं मला स्वतःलाच नीट माहीत नव्हतं! म्हणजे टार्गेटेड शाळेतही गरीब असणं ही अट नाही?


पाटी_पेन्सिल

नाही. चाचण्या, टीचरचं निरीक्षण अशा शैक्षणिक निकषांवर निवड होते. बेघर मुलं, फॉस्टर केअरमधली (सरकारने दुसऱ्या घरी सांभाळायला दिलेली) मुलं यांच्यासाठी काही तरतुदी आहेत, पण "उत्पन्न इतकं असेल तरच" असं नाही.


रोखपाल

एका डिस्ट्रिक्टच्या ग्रँट्स ऑफिसात काम करतो. (कुठल्या ते विचारू नका, ऑडिट चालू आहे.)

पैसा कुठून कसा येतो ते सांगतो. केंद्राकडून वर्षाला सुमारे १८ अब्ज डॉलर या खात्यात येतात. ऐकायला प्रचंड, पण अमेरिकेतल्या शाळांचा बहुतेक खर्च राज्य आणि स्थानिक कर उचलतात, स्थानिक म्हणजे मुख्यतः घरपट्टी. केंद्राच्या सगळ्या योजना धरल्या तरी वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणून "केंद्राचे पैसे येतात म्हणजे शाळा श्रीमंत झाली" असं नाही.

डिस्ट्रिक्टला किती मिळणार ते चार सूत्रांवर ठरतं: बेसिक, कॉन्सन्ट्रेशन, टार्गेटेड (वरच्या 'टार्गेटेड' पद्धतीशी फक्त नाव सारखं) आणि एज्युकेशन फायनान्स इन्सेंटिव्ह. चारही सूत्रांत जनगणना खात्याच्या गरिबीच्या अंदाजाला महत्त्व. राज्य एका मुलावर सरासरी किती खर्च करतं तेही त्यात येतं. त्यामुळे मिसिसिपीसारख्या कमी खर्च करणाऱ्या राज्यातल्या गरीब मुलामागे कमी पैसे येतात आणि सढळ खर्च करणाऱ्या राज्यातल्या तितक्याच गरीब मुलामागे जास्त. हे उलटं वाटतं, कारण ते उलटंच आहे.

डिस्ट्रिक्टच्या आत मात्र वेगळी मोजणी. तिथे बहुधा मोफत किंवा सवलतीच्या जेवणाच्या आकड्यांवर शाळांची उतरंड लावतात. ७५ टक्क्यांच्या वर गरिबी असलेल्या शाळांना आधी द्यावंच लागतं, मग खाली खाली जिथवर पैसे पुरतील तिथवर. म्हणून एका गावात टायटल वन असलेली शाळा उचलून शेजारच्या गावात ठेवली तर ती कदाचित टायटल वन राहणार नाही. शाळा तीच, मुलं तीच.


उगाच_आपलं

रोखपालकाका, हे पालकांना सांगितलंत तर समोसे संपायच्या आत हॉल रिकामा होईल.


रोखपाल

समोसे असतील तर मी चारही सूत्रं फळ्यावर सोडवून दाखवीन.


सुगरण_नसलेली

अवांतर पण महत्त्वाचं: समोसे टायटल वनच्या पैशांतून आणता येतात का? प्रिन्सिपलने विचारलंय. हलक्यात घेऊ नका, खरंच विचारलंय.


रोखपाल

पालकांच्या बैठकीला हलका फराळ, वाजवी खर्चात, बसवता येतो. पण बैठकीचं निमंत्रण, अजेंडा आणि सह्यांचा कागद फाइलला लागतो. गुलाबजाम आणले तर मी तुम्हाला ओळखत नाही.

त्यापेक्षा हे लक्षात ठेवा: बैठकीला यायला पालकांना येण्याजाण्याचा खर्च आणि लहान भावंडांना सांभाळायची सोय, या दोन्हीसाठी पैसे वापरता येतात असं कायद्यात नाव घेऊन लिहिलं आहे. बहुतेक शाळा वापरत नाहीत.


कणसाचं_शेत

ओहायोत आहे. आम्ही इथे पीएचडी करायला आलो, दोघांत मिळून एक स्टायपेंड आणि एक पाचवीतलं कार्टं. शाळेने जेवणाचा फॉर्म घरी पाठवला. नवरा म्हणाला, "आपण काय गरीब आहोत का? भरू नकोस." मी आकडे बघितले तर आम्ही सरळ मोफतमध्येच बसत होतो! कागदोपत्री इतके गरीब आहोत हे आम्हाला अमेरिकेने सांगितलं. :)

दुसरी भीती होती ती इमिग्रेशनची. सरकारी मदत घेतली तर पुढे ग्रीन कार्डला त्रास होईल, असं प्रत्येक देशी पार्टीत ऐकायचे. शेवटी भरला नाही.


पाटी_पेन्सिल

कणसाचं_शेत, हे दर वर्षी ऐकते. ग्रीन कार्ड मागणारा माणूस 'पब्लिक चार्ज', म्हणजे सरकारवर भार, आहे का हे ठरवताना शाळेतलं मोफत जेवण धरत नाहीत. २०१९ साली जो फार कडक नियम आला होता त्यातही ते धरलं नव्हतं. फॉर्मवर व्हिसाबद्दल प्रश्न नसतो. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर 'नाही' अशी खूण करायला चौकट असते. तरी कुणाची केस नाजूक असेल तर आपल्या वकिलाला विचारावं, पार्टीतल्या काकांना नाही.

आकडे सांगून ठेवते. २०२५-२६ साठी चौघांच्या घराचं वर्षाचं उत्पन्न ४१,७९५ डॉलरपर्यंत असेल तर जेवण मोफत आणि ५९,४७८ पर्यंत असेल तर सवलतीत. गरिबीरेषेच्या अनुक्रमे १३० आणि १८५ टक्के. (अलास्का-हवाईचे वेगळे.)


रोखपाल

+१ आणि पुढची पायरी. कणसाचं_शेत यांनी जो फॉर्म भरला नाही त्याने त्यांच्या मुलाचं जेवणच नाही, शाळेचाही हिस्सा गेला असू शकतो, कारण अनेक डिस्ट्रिक्ट त्याच आकड्यांवर शाळांना पैसे वाटतात. एक न भरलेला फॉर्म म्हणजे मोजणीत एक मूल कमी.

आता त्यात नवी गंमत. २०१० च्या कायद्यात 'कम्युनिटी एलिजिबिलिटी' नावाची सोय आली. शाळेतली पुरेशी मुलं फूड स्टॅम्पसारख्या (गरिबांना किराण्यासाठी सरकारी मदत) योजनांत आधीच नोंदलेली असतील तर अख्ख्या शाळेला जेवण मोफत, फॉर्मच नको. आधी ४० टक्के लागायचे, २०२३ पासून २५ टक्के. कॅलिफोर्निया, मिनेसोटा अशा काही राज्यांनी तर सगळ्यांनाच मोफत केलं. उत्तम झालं, कुणाची लाज गेली, रांगेतला भेद गेला. पण मग डिस्ट्रिक्ट उत्पन्नाचा वेगळा फॉर्म पाठवतं आणि पालक म्हणतात, जेवण तर मिळतंच आहे, कशाला भरा. गेल्या काही वर्षांत आमच्या ऑफिसचं अर्धं काम "कृपया तो फॉर्म भरा" हेच आहे.


तिखटमीठ

मोफत जेवण म्हणजे काय ते पण सांगा. आमच्या शाकाहारी बाळाला सोमवारी चीज पिझ्झा, मंगळवारी चीज सँडविच, बुधवारी चीज स्टिक. गुरुवारी त्याने घरी येऊन "आई, वरणभात" असा टाहो फोडला.


डब्यातली_पोळी

खिक्. आमच्याकडे तीच मुलगी घरचा डबा परत आणते, "इट स्मेल्स" म्हणून. देवा.


गुरुजी_विदर्भ

मी इकडे यवतमाळ जिल्ह्यात जि. प. शाळेवर आहे. वाचतोय, मजा येते आहे. तुमचं स्कूल डिस्ट्रिक्ट कधी एका गावापुरतंही असतं हे आत्ताच कळलं.

आमच्याकडे समग्र शिक्षा अभियानातून पैसे येतात, केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. शाळेला मिळणारं संयुक्त अनुदान पटसंख्येवर ठरतं. पट जास्त तर अनुदान जास्त. म्हणजे माझ्या पाड्यावरची शाळा, जिथे प्रत्येक घर मजुरीवर जातं पण पोरं मोजकीच, तिला कमी. तुमच्याकडे घर किती गरीब हे बघून पैसे वाढतात ही कल्पना मला पटली. रोखपालसाहेब म्हणतात तसे दोष असतील, पण मोजायची वस्तू बरोबर निवडली आहे.

एक मात्र आमच्याकडे चांगलं. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेच लागतात, आणि निम्म्या बाया. कागदावर तरी आराखडा तेच करतात. प्रत्यक्षात सह्या घ्यायला मी घरोघरी फिरतो तो भाग सोडा. तुमच्याकडे पालकांना असा काही अधिकार आहे की नुसती समोसा मीटिंग?


सुगरण_नसलेली

गुरुजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला खरं तर स्लाइड सात लागेल, पण तिथवर मी अजून पोचले नाहीये. कुणीतरी मदत करा!


कणसाचं_शेत

मी देते, कारण पुढे मी पालक समितीवर होते.

टायटल वन पालकांचे हक्क बरेच आहेत. शाळेला पालकांबरोबर बसून लेखी धोरण करावं लागतं. शाळा काय करेल, पालक काय करतील, असा एक करारनामा असतो, त्याला कॉम्पॅक्ट म्हणतात. मुलाच्या टीचरचं शिक्षण आणि पात्रता काय हे विचारायचा हक्क आहे, आणि शाळेने उत्तर द्यायलाच हवं. लागोपाठ चार आठवडे किंवा जास्त, राज्याच्या अटी पूर्ण न करणारा टीचर वर्ग घेत असेल तर शाळेने स्वतःहून पालकांना कळवायला हवं. भाडेकरू, तुमच्याकडे तीन टीचर बदलल्या तेव्हा असं पत्र आलं होतं का?

आणि पैसे: पाच लाख डॉलरपेक्षा जास्त टायटल वन निधी मिळणाऱ्या डिस्ट्रिक्टला किमान एक टक्का पालक-सहभागासाठी बाजूला काढावा लागतो. त्यातला ९० टक्के शाळांकडे जायला हवा, आणि तो कशावर खर्चायचा यात पालकांचं मत घ्यायलाच हवं. आमच्या बैठकीत मी विचारलं की गेल्या वर्षीचा एक टक्का कुठे गेला. खोलीत शांतता. मग कुणीतरी म्हणालं, "फोल्डर्स." छापील लोगोची फोल्डर्स! पुढच्या वर्षी त्याच पैशांत संध्याकाळचे गणिताचे वर्ग झाले, मुलांना सांभाळायच्या सोयीसकट.


बे_एरियातला_भाडेकरू

नाही, पत्र आलं नव्हतं. किंवा आलं असेल आणि मी त्या पिझ्झा फंडरेझरच्या पत्रकांबरोबर फेकलं असेल. मुद्दा घेतला.

तरी माझा मूळ प्रश्न तसाच. इतकी वर्षं हे पैसे चालू आहेत. फरक पडला का? गरीब आणि श्रीमंत मुलांतली दरी आहे तिथेच आहे.


जुनी_वही

भाडेकरू, इतिहासाशिवाय उत्तर नाही, म्हणून थोडं पाल्हाळ.

कायदा १९६५ चा. लिंडन जॉन्सन राष्ट्राध्यक्ष. त्यांनी तो वॉशिंग्टनला नाही, टेक्सासमध्ये आपण जिथे शिकायला सुरुवात केली त्या एका खोलीच्या शाळेपाशी बसून सही केला, ११ एप्रिलला, शेजारी त्यांच्या पहिल्या शिक्षिका. याच माणसाने तरुणपणी १९२८ साली कोटुला गावात गरीब मेक्सिकन मुलांना शिकवलं होतं. त्यामुळे भाषणापुरता कळवळा होता असं म्हणता येत नाही.

पण पैसे सुटले आणि लगेच फाटे फुटले. १९६९ साली नागरी हक्कवाल्यांचा एक अहवाल आला, तो वाचण्यासारखा आहे. गरीब मुलांसाठी आलेले पैसे अनेक डिस्ट्रिक्टनी सगळ्याच शाळांच्या नेहमीच्या खर्चात मिसळून टाकले होते. शिवाय काही ठिकाणी केंद्राचे पैसे आले म्हणून स्थानिक पैसे कमी केले. म्हणून मग 'सप्लिमेंट, नॉट सप्लांट' हा नियम पक्का झाला. आजीने नातवाला खाऊला पैसे दिले म्हणून आईने त्याचं रोजचं दूध बंद करायचं नाही, इतका साधा नियम आहे.

फरक पडला का? १९९० च्या दशकात 'प्रॉस्पेक्ट्स' नावाचा मोठा सरकारी अभ्यास झाला, त्यात दरी बुजल्याचं दिसलं नाही. तो काळ बघता मला नवल वाटत नाही. शाळेचं बरंचसं पोट घरपट्टीवर भरतं आणि घरपट्टी श्रीमंत गावात जास्त जमते. आधी खड्डा पाडायचा आणि मग त्यात दहा टक्के माती टाकून तो का भरला नाही म्हणून विचारायचं! २००२ पासून नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड या कायद्याने परीक्षा घेऊन दर वर्षी खड्डा मोजायला लावला. २०१५ च्या कायद्याने मोजणीचा जाच थोडा कमी केला.


रोखपाल

जुनी_वही, सुंदर. एक पुस्ती जोडतो. टायटल वन शाळांना स्थानिक पैशांतून इतर शाळांच्या बरोबरीच्या सेवा मिळायला हव्यात असाही नियम आहे. पण ती तुलना करताना शिक्षकांच्या अनुभवामुळे वाढलेला पगार धरत नाहीत. श्रीमंत वस्तीतल्या शाळेत वीस वर्षं मुरलेल्या बाई, गरीब वस्तीत कॉलेजातून काल बाहेर पडलेली पोरगी. पगारात कितीतरी हजारांचा फरक, कागदावर दोघी "एक शिक्षक". तुमचा निम्मा खड्डा इथे आहे.


बे_एरियातला_भाडेकरू

हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या तिन्ही टीचर नवीनच होत्या.

कॅलिफोर्नियाबद्दल एक सांगतो, नाहीतर म्हणाल हा फक्त कुरकुरतो. इथे २०१३ पासून राज्याचाच फॉर्म्युला असा आहे की गरीब, इंग्रजी शिकणारी आणि फॉस्टरमधली मुलं असतील तर प्रत्येकामागे २० टक्के जादा, आणि अशी मुलं ५५ टक्क्यांच्या वर असतील तर आणखी भर. म्हणजे केंद्राच्या आधी राज्यानेच थोडी माती टाकली. परिणाम व्हायचा तर अशानेच होईल असं मला वाटतं.


नवी_पाहुणी

मी पहिल्यांदाच लिहिते आहे. आम्ही जूनमध्ये आलो, मुलगी पहिलीत, शाळा टायटल वन. बातम्यांत आलं की शिक्षण खातंच बंद करणार. मग हे पैसे जाणार का? आणि मला इंग्रजी बोलायची अजून धास्ती वाटते, मीटिंगला जाऊन काय उपयोग?


पाटी_पेन्सिल

नवी_पाहुणी, आधी स्वागत. मार्च २०२५ मध्ये खातं आवरतं घेण्याचा आदेश निघाला हे खरं. पण टायटल वन संसदेच्या कायद्याने आहे आणि पैसेही संसदच मंजूर करते, त्यामुळे आदेशाने ते आपोआप थांबत नाहीत. त्याच वर्षी जुलैत केंद्राने शाळांचे काही निधी अडवले होते. त्यात शिक्षक प्रशिक्षण आणि इंग्रजी शिकणाऱ्यांचे पैसे होते, आपण बोलतोय तो टायटल वनचा मुख्य निधी नव्हता. तेही नंतर सोडले. पुढचं पुढे. कोविडमधला जादा निधी मात्र २०२४ मध्ये खरोखरच संपला आणि तोही टायटल वनच्याच प्रमाणात वाटलेला होता, त्यामुळे कुठे एखादी मदतनीस अचानक दिसेनाशी झाली असेल तर ते त्याचं कारण असू शकतं.

भाषेचं: शक्य तिथे पालकांना समजेल अशा भाषेत माहिती देणं हे शाळेचं काम आहे. आधी कळवलंत तर दुभाषी मागता येतो.


तिखटमीठ

दुभाषी मागितला की हिंदी मिळेल. "मराठी? सेम थिंग, नो?" आणि आपण नेहमीप्रमाणे चालवून घेऊ.


नवी_पाहुणी

हिंदी पळेल! धन्यवाद सगळ्यांना.


सुगरण_नसलेली

मंडळी, कमाल आहात. सगळं वाचून स्लाइड्स बाजूला ठेवल्या आणि हे लिहिलं. ठोका:

"तुमच्या मुलाला वाचनात किंवा गणितात मदत लागली तर ती या शाळेत आहे, फुकट आहे, आणि तुमचा पगार कुणी विचारणार नाही. त्यासाठी केंद्र सरकार जादा पैसे देतं. आपल्या शाळेत कमी उत्पन्नाची कुटुंबं जास्त आहेत म्हणून ते येतात. त्याचा अर्थ शाळा नापास आहे असा नाही, आणि सगळं आलबेल आहे असाही नाही. आपल्याकडे शिक्षक लवकर बदलतात, त्यावर काय चाललंय ते प्रिन्सिपल सांगतील. या वर्षी पैसे दोन रीडिंग टीचर आणि शाळा सुटल्यावरच्या वर्गांवर जाणार आहेत. आजीने खाऊला दिलेले पैसे आहेत, यातून रोजचं दूध आणायचं नाही. त्यावर लक्ष तुम्ही ठेवायचं. पालकांसाठी ठेवलेला भाग कशावर खर्चायचा ते आज तुम्ही सांगायचं आहे, हा कागद. आणि जाताना उत्पन्नाचा फॉर्म भरून जा, तुम्ही गरीब नसलात तरी."

पाचच मिनिटं होतात. उरलेली दहा प्रश्नांना.


रोखपाल

उत्तम. फक्त 'फुकट आहे' आणि 'लागली तर आहे' यात थोडं जपून. जागा मर्यादित असतात, सगळ्यात मागे असलेली मुलं आधी. नाहीतर पहिल्या रांगेतला बाप उद्या ऑलिंपियाडसाठी रीडिंग टीचर मागेल. आणि या पैशांचा काही भाग तुमच्या हद्दीत राहून प्रायव्हेट शाळेत जाणाऱ्या, अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या सेवांवरही जातो. कुणी ना कुणी विचारतंच, उत्तर तयार ठेवा.


बे_एरियातला_भाडेकरू

शिक्षक बदलण्याचं वाक्य ठेवलंत त्याबद्दल आभार. प्रिन्सिपल काढायला सांगतील. काढू नका.


गुरुजी_विदर्भ

ताई, तो कागद आमच्याकडे पण पाठवा. मराठीत करून समितीत वाचतो.


जुनी_वही

एकच व्यावहारिक सूचना. बैठक किती वाजता आहे? कायद्यात सकाळ किंवा संध्याकाळ अशा सोयीच्या वेळा द्या असं म्हटलंय, ते या शिफ्टवाल्या पालकांसाठीच. दुपारी दोनला ठेवली तर तुमचं भाषण पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) त्याच चार बायका ऐकतील.


सुगरण_नसलेली

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला.


उगाच_आपलं

ऑक्टोबरात? जर्सीत? शुक्रवारी संध्याकाळी? अहो, गरबा! गुजराती, तेलुगू, मराठी सगळे तिकडे. समोशांसकट.


सुगरण_नसलेली

अरे देवा. प्रिन्सिपलना मेल टाकते, गुरुवार मागते.